झाकण सैल ठेवावे

एक

सोमवारी सकाळी सव्वानऊला मुंगी लॅबमध्ये पोचली, तेव्हा तिच्यावरचा आरोप तिच्या आधीच येऊन बसला होता. विषारी वायू ओढून घेणाऱ्या फ्यूमहूडच्या काचेला चिकटपट्टीने डकवलेलं पाकीट. म्हणजे सगळ्या लॅबने ते बघितलं, आणि जिचं होतं तिने सगळ्यात शेवटी.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण पाच वर्षं मान खाली घालून, एकाच वाटेने, टेबल ते वजनकाटा आणि वजनकाटा ते टेबल अशी ये-जा करणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. आता सरसुद्धा तेच म्हणायचे.

पत्र विभागप्रमुखांचं होतं. प्रबंधातल्या मुख्य अभिक्रियेचे निकाल बनावट असल्याची तक्रार आली आहे, गुरुवारी दुपारी तीन वाजता समितीसमोर हजर व्हावे, तोवर प्रबंध सादर करता येणार नाही. सोबत तक्रार जोडली होती. खाली सही सरांची. ज्यांच्या हाताखाली ती पाच वर्षं संशोधन करत होती, तेच सर.

'गेल्या पाच आठवड्यांत ही अभिक्रिया सात वेळा केली गेली. शेवटच्या दोन वेळा मी स्वतः शेजारी उभा होतो. काच नवी, रसायने नव्या बाटल्यांतली, मॅग्नेट स्वच्छ. तयार झालेला पदार्थ शून्य. मग आधीचे एक्केचाळीस यशस्वी प्रयोग कुठून आले, याचे उत्तर विद्यार्थिनीने द्यावे.'

आता ही रिअ‍ॅक्शन म्हणजे काय भानगड, ते थोडक्यात सांगतो. कार्बनची दोन कडी एकमेकांना जोडायची तर सगळं जग पॅलेडियम नावाचा दुर्मीळ धातू वापरतं. मुंगीच्या फ्लास्कमध्ये ती धातूशिवाय जोडली जात होती. चौदा महिन्यांपूर्वी त्यावर मोठ्या नियतकालिकात लेख आला होता. नावं दोनच, तिचं आणि सरांचं. लांबलांबून अभिनंदनं आली होती. महिनाअखेर प्रबंध द्यायचा, जूनपासून एका कॉलेजात शिकवायला लागायचं, असं ठरलं होतं. नेमणुकीचं पत्र घरी कपाटात होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पदवी हातात नसेल तर नेमणूक रद्द. प्रबंध अडला की नोकरी गेली. बनवाबनवीचा शिक्का बसला, तर कुठलीच लॅब तिला पुन्हा दारात उभी करणार नव्हती.

तिने पत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. रडू आलं नाही, रागही आला नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतो ना, तसं तिचं सगळंच वर्षभर चाललं होतं. काहीतरी ओढतायत एवढं कळायचं, दुखायचं नाही.

पलीकडच्या टेबलावर चिमणी उभी होती. पहिल्या वर्षाची, दिवसभर चिवचिवणारी. आज ती एकच फ्लास्क पुन्हा पुन्हा पुसत होती.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "तुला भेटायला कुणी आलंय. बाहेर बसल्यात. म्हणतात, वजनकाटा कुठल्या खोलीत हलवला ते आधी दाखवा."

मुंगीला कळलं. असा प्रश्न विचारणारी या विभागात एकच बाई होती, आणि ती सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती.

दोन

तराजूबाई. अर्धा विभाग तिच्या हाताखाली वजन करायला शिकलेला. काट्यावर बोटाचा ठसा उमटला तर सगळ्या वर्गाला रुमालाने काटा पुसायला लावणारी बाई. विभागप्रमुखसुद्धा कधीकाळी तिच्या ओरड्याने रडलेले, म्हणूनच त्यांनी हे काम तिच्यावर सोपवलं असणार. पोरीने बनवाबनवी केली का, एवढं शोधायचं आणि गुरुवारी सांगायचं.

बाईंनी उंच स्टूल ओढलं, पिशवी मांडीवर घेतली आणि पत्र वाचलं. मग सरांची तक्रार वाचली. ती दोनदा वाचली.

"केलीस का गं बनवाबनवी?"

"नाही, बाई."

"अगं, जरा जोरात तरी म्हण. मेलेल्या माणसाची नाडी बघितल्यासारखं वाटतंय मला."

"नाही केली," मुंगी त्याच आवाजात म्हणाली.

"बरं. बंद कधी पडली?"

"शेवटची यशस्वी एका बुधवारी. मग मी चार दिवस रजेवर होते. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सोमवारी परत आले तेव्हापासून नाही."

"गुरुवार ते रविवार तू नव्हतीस. आणि काय बदललं?"

"काहीच नाही. रसायनं जुन्या बाटल्यांतलीही घेऊन बघितली, नवीही. काटा तपासला. तापवायच्या तेलाचं तापमान तेच. मी तीच."

"तू तीच, हे काही मी मान्य करत नाही," बाई म्हणाल्या. "दाखव सगळं."

मुंगीने टेबलावर एकेक वस्तू मांडली. फ्लास्क, कंडेन्सर, सिरिंज, वह्या. शेवटी ड्रॉवरमधून प्लास्टिकची एक छोटी डबी. त्यात मॅग्नेट. पांढऱ्या वेष्टनातला, बोटाच्या पेराएवढा चुंबक. फ्लास्कमध्ये टाकला की खालच्या यंत्राच्या तालावर गरगर फिरतो आणि सगळं ढवळत राहतो. एका टोकाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच होती. पहिल्या वर्षी तो दारात चिरडला होता.

बाईंनी तो हातात घेऊन उजेडात धरला. "हाच का नेहमी?"

"हाच. सगळ्या एक्केचाळीस वेळा. इथे ज्याचा त्याचा मॅग्नेट असतो, बाई. कुणी कुणाला देत नाही. सिंकमध्ये निसटतात, हरवतात. आणि..." तिने रिकामी डबी पुसली. "चाललेली रिअ‍ॅक्शन ज्याने चालली, तोच वापरायचा, असं सगळेच मानतात."

"शास्त्रज्ञ म्हणे!" बाई हसल्या. "धुतेस कशाने?"

"ॲसिटोनने खंगाळते, पुसते, ठेवते."

"छान राहिलाय. दुधासारखा."

मुंगी हो म्हणाली. तेवढ्यात दारातून भाऊ आत आला. काच धुणारा, कचरा हलवणारा, या विभागात सगळ्यांहून जुना माणूस. बाईंना बघून त्याने हात जोडले आणि लगेच कुरकुर सुरू केली.

"बाई, आता तुम्हीच सांगा या लोकांना. मागच्या गॅलरीतल्या रॅकमध्ये एक बाटली पाच आठवडे झाले बसलीये. नाकात जातं नुसतं. झाकण लावायची सोय नाही, कारण वर लिहिलंय सैल ठेवा. टाकाऊ रसायनं नेणारी गाडी येणार शुक्रवारी अकराला. तोवर मी मरायचं?"

"कुणाची आहे?"

"मी कशाला वाचतो नावं? चिठ्ठी आहे ना, मग बास. चिठ्ठी नसलेली मी उचलत नाही, सरांचा नियम."

तो कुरकुरतच निघून गेला. बाईंनी मॅग्नेट डबीत ठेवला आणि डबी स्वतःच्या पिशवीत टाकली.

"हे मी नेते. आणि ती चिमणी कुठे उडाली, तिला पाठव. ती मघापासून माझ्याकडे बघतेय, आणि बघत नाही असं दाखवतेय."

तीन

चिमणी आली ती आधीच डोळे भरून आली.

"मी नाही तक्रार केली, ताई, आईशप्पथ! सरांनी विचारलं तुला जमते का, मी म्हटलं नाही. नऊ वेळा केली, नाही झाली. एवढंच सांगितलं."

"नऊही वेळा नाही?" बाईंनी विचारलं.

चिमणीने मुंगीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"बाळ, तुझी वही मघाशी मी चाळली. पाचव्या प्रयोगावरून एकदम सातव्यावर. मला आकडे मोजता येतात."

"सहावा... तो झाला होता," चिमणी पुटपुटली. "पण तो धरायचा नसतो. माझी चूक होती त्यात."

"झाला? किती आला?"

"अठ्ठावन्न टक्के."

मुंगीने मान वर केली. या पोरीने तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. ती गोष्ट मुंगीच्या रजेच्या बऱ्याच आधीची. त्या दिवशी चिमणीचा मॅग्नेट धुताना सिंकमध्ये गेला. मुंगी जेवायला गेली होती. चिमणीने तिच्या ड्रॉवरमधली डबी उघडली, मॅग्नेट घेतला, वापरला, संध्याकाळी पुसून परत ठेवला. चोरीच ती. त्यात रिअ‍ॅक्शन झाली. तिला वाटलं, ताईचा आधीचा पदार्थ मॅग्नेटला चिकटून आला असणार, म्हणजे हा निकाल खोटा. मग पान फाडलं.

"अठ्ठावन्न टक्के मॅग्नेटला चिकटून आले?" बाई म्हणाल्या. "अगं, त्यासाठी मॅग्नेट वांग्याएवढा लागेल!"

चिमणी रडता रडता हसली. "तसंही तो कळकटच होता, बाई. राखाडी, काळे डाग पडलेला. मला घेतानाही कसंसं झालं."

बाईंनी पिशवीवर हात ठेवला. मुंगीच्या मनात एवढंच आलं, की हो, तो राखाडीच होता. मग पांढरा कधी झाला? रजेवरून आल्यावर डबी उघडली तेव्हा तो पांढरा होता. तिने बघितलं होतं. बघितलं आणि फ्लास्कमध्ये टाकला. पाच आठवडे, सात वेळा. पाच वर्षं जो दिसला तो रंग बदलला आणि तिला नवल वाटलं नाही, कारण नवल वाटायचंच बंद झालं होतं.

पंडित संध्याकाळी सापडला. पदवी मिळवून झालेला, सरांकडेच टिकून राहिलेला, आणि प्रत्येक गोष्टीवर बोलायला तयार असलेला माणूस. मुंगीचं टेबल तिच्या आधी त्याचं होतं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, हे फार गोड आहे, पचायचं नाही," तो म्हणाला. "धातूशिवाय म्हणे! पण मला काय? माझं नाव त्या लेखावर नाही. वर गेला तरी माझा नाही, बुडाला तरी माझा नाही."

"तू त्या टेबलावर काय करायचास?"

"हेच की. पण पॅलेडियमने, प्रामाणिकपणे. पाच वर्षं. टेबल सोडलं तेव्हा ड्रॉवरमधलं सगळं हिच्यासाठी तसंच ठेवलं. काच, मॅग्नेट, चिमटे."

"आणि ही रजेवर होती तेव्हा?"

"शुक्रवारी इथेच होतो. शनिवारी सकाळी सरांनी लायब्ररीत पाठवलं. चाळीस वर्षांपूर्वीचा संदर्भ काढ म्हणाले. अख्खा दिवस गेला, आणि नंतर त्यांनी तो बघितलासुद्धा नाही!"

"चिमणी?"

"ती शनिवारी येत नाही. लॅबमध्ये सर एकटेच होते. बारा वर्षांत मी त्यांना हातमोजे घातलेलं बघितलं नव्हतं. दुपारी चष्मा विसरला म्हणून आलो तर ऐटीत हूडपुढे उभे. मला म्हणाले, जा."

चार

बुधवारी दुपारी तराजूबाईंनी मुंगीला मागच्या गॅलरीत नेलं. तिथे लोखंडी रॅकमध्ये टाकाऊ रसायनांच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली पिवळी चिठ्ठी. कशाचं, किती, तारीख, कुणाचं. या लॅबमध्ये बिनचिठ्ठीची बाटली ठेवली तर आठवडाभर घरी बसावं लागतं. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या हातात अशी बाटली फुटली होती, आणि त्याचा एक डोळा गेला होता. तो सरांचा पहिला विद्यार्थी.

बाई कठड्याला टेकल्या. "आता मी बोलते, तू ऐक. चुकलं तर टोक. तुझी रिअ‍ॅक्शन तुझ्या हाताने होत नव्हती. चिमणीच्या हातानेही एकदा झाली, आणि त्या दिवशी वेगळं काय होतं?"

"माझा मॅग्नेट."

"तो मॅग्नेट आधी कुणाचा?"

"पंडितचा." मुंगीने सावकाश सांगितलं. "पॅलेडियममध्ये पाच वर्षं फिरलेला. वेष्टनाच्या चरांत धातू बसतो. राखाडी रंग त्याचा."

"म्हणजे तुझ्या फ्लास्कमध्ये धातू नव्हता, असं नाही."

"होता. सगळ्या एक्केचाळीस वेळा होता." ती हे असं म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाच्या प्रबंधाबद्दल बोलतेय.

"मग तो गेला कुठे? मॅग्नेट बदलला म्हणावं, तर खाच तीच आहे. म्हणजे बदलला नाही, धुतला. आणि ॲसिटोनने ते डाग जात नाहीत."

"अ‍ॅक्वा रेजिया लागतं." सोनंसुद्धा विरघळवणारं, दोन जहाल ॲसिडांचं मिश्रण. मुंगीला ते बोलताना भाऊची कुरकुर आठवली.

"आता मला सांग, मी हयातभर शेकडो तक्रारी वाचल्या. फ्लास्क स्वच्छ होता, काटा बरोबर होता, सगळं लिहितात. पण मॅग्नेट स्वच्छ होता असं कुणी लिहितं का गं? मॅग्नेटचा विचार कुणाच्या डोक्यात तरी येतो का? ज्याच्या डोक्यात तो आधीपासून आहे, त्याच्याच." बाईंनी रॅककडे बोट दाखवलं. "वाच."

खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, सैल झाकणाची तपकिरी बाटली होती. पिवळी चिठ्ठी उलटी फिरली होती. मुंगीने ती सरळ केली.

'अ‍ॅक्वा रेजिया, अंदाजे शंभर मिली. मॅग्नेट धुतलेले. पॅलेडियमचा अंश आहे. वायू सुटतो, झाकण सैल ठेवावे.' खाली रजेतल्या शनिवारची तारीख. नाव नव्हतं. पण ती तिरकी, टोकदार अक्षरं मुंगीने पाच वर्षं आपल्या प्रत्येक पानावर लाल शाईत वाचली होती.

"पत्रात धडधडीत खोटं लिहिता आलं," बाई म्हणाल्या. "बाटलीवर नाही लिहिता आलं त्याला."

मागे दार वाजलं. सर गॅलरीत उभे होते.

पाच

ते ओरडले नाहीत. "केबिनमध्ये या," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, मी गुडघ्यांनी बेजार आहे, तुम्हीच बोला, मी इथे बसते. तेव्हा मुंगी एकटीच आत गेली.

सर खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"चिठ्ठीवर काहीतरी दुसरं लिहिणार होतो," ते म्हणाले. "पेन हातात घेतलं होतं. पण भाऊने झाकण घट्ट लावलं असतं तर बाटली त्याच्या तोंडावर उडाली असती. नाव तेवढं टाळलं."

"तुम्हाला मॅग्नेटचं कुठून कळलं, सर?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक छापलेला ईमेल काढून पुढे ढकलला. सहा आठवड्यांपूर्वीचा. दूरच्या एका विद्यापीठातली, मुंगीसारखीच कुणी संशोधन करणारी मुलगी. 'तुमची अभिक्रिया मी नऊ महिने करते आहे, एकदाही झाली नाही. तुमच्या काचेत किंवा मॅग्नेटवर पॅलेडियम उरलेलं असेल का? माझे सर म्हणतात मी सबबी सांगते, एवढ्या नावाजलेल्या लॅबमध्ये असली घाण नसते. कृपया एकदा तपासून कळवाल का? हे पत्र प्रयोग करणाऱ्या विद्यार्थिनीलाही दाखवावे. तिला माझं म्हणणं समजेल.'

मुंगीने पत्र वाचलं. ते तिलाही होतं, आणि ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"तपासलं मी," सर म्हणाले. "धुतलं, पाण्यात धातू निघाला. नोकरीच्या तिसाव्या वर्षी एवढी घाण माझ्या लॅबमध्ये निघावी! लेख मागे घ्यायचा म्हणजे हसंच. मला वाटलं, रिअ‍ॅक्शन आपोआप बंद पडेल, लोक विसरतील. पण पत्रं वाढली. मग दोष द्यायला कुणीतरी लागतंच."

"मी."

"तू." त्यांनी डोळे चोळले. "चुकलं माझं. हे बघ, मी उद्या तक्रार मागे घेतो. हवेतल्या दमटपणाचा परिणाम, असं लिहितो. तू महिनाअखेर प्रबंध दे. जूनमध्ये नोकरीला लाग. बाटली परवा अकराला गाडीत जाईल. तू काही खोटं बोलायचं नाहीस, मुंगे. फक्त बोलायचं नाही. दोघंही वाचू."

तिला वाटलं, आपण आता चिडायला हवं. ती वाट बघत बसली. काही आलं नाही. तिने विचारलं, "याला उत्तर पाठवलंत का?"

"कशाला?"

"हिला. जिने पत्र लिहिलंय तिला."

बहुधा सरांना तो प्रश्नच कळला नाही.

बाहेर बाई पिशवीतून शेंगदाणे काढून खात बसल्या होत्या. "मला एवढंच विचारलंय, पोरीने बनवाबनवी केली का," त्या म्हणाल्या. "त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्याला चिमणीचं पान पुरे आहे. बाटलीचं मी उद्या आधी बोलणार नाही. प्रबंध तुझा, पाच वर्षं तुझी. पण तू गप्प बसलीस तर मीही गप्प बसेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही."

घरी बाबांनी एका डोळ्याने तिच्याकडे बघत विचारलं, कपाटातलं नेमणुकीचं पत्र कॉलेजला सही करून पाठवायचं राहिलंय ना? शेवटची तारीख शुक्रवार. ती म्हणाली, उद्या बघते.

सहा

समितीत तिघं होते. विभागप्रमुख, बाहेरचे एक प्राध्यापक, एक प्राध्यापिका. सर कोपऱ्यात. तराजूबाईंनी चिमणीचं पान ठेवलं. ते चिमणीने कचऱ्यातून नव्हे, कपाटातल्या पुस्तकातून काढून दिलं होतं, कारण फाडलेलं पानसुद्धा ही माणसं टाकत नाहीत. मग सर उठले आणि दमटपणाबद्दल दोन वाक्यं बोलले. तक्रार मागे घेतो म्हणाले. विभागप्रमुखांचा चेहरा उजळला. मिटलं म्हणायचं!

"म्हणजे निकाल खरे आहेत," ते मुंगीला म्हणाले. "लेखात लिहिलंय तसंच आहे ना सगळं?"

हो म्हटलं की संपत होतं. खोटंही धड नव्हतं ते. एक्केचाळीस वेळा पदार्थ खरंच तयार झाला होता.

"नाही," मुंगी म्हणाली. "पदार्थ खरा आहे. धातू नव्हता, हे खोटं आहे. धातू मॅग्नेटवर होता. तो धुतलेलं पाणी मागच्या गॅलरीत आहे, खालच्या कप्प्यात. उद्या अकराला गाडी यायच्या आत त्यातलं थोडं काढून तपासायला द्या."

तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. मान मात्र खाली नव्हती. सरांनी डोळे मिटून घेतले. तराजूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांनी एकदा जोरात नाक शिंकरलं.

पुढचं सगळं सरळ झालं. तपासणीत पॅलेडियम निघालं. बनवाबनवीचा ठपका पुसला गेला. लेख मागे घ्यायचं ठरलं, सरांची चौकशी लागली, मुंगीला नवीन मार्गदर्शक मिळणार होते. प्रबंधाचं मुख्य प्रकरण बाद. नव्याने काम, निदान दोन वर्षं. कॉलेजला तिने फोन केला, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, वाईट वाटतं, पण जागा थांबणार नाही. मुंगी बरं म्हणाली. बाबा म्हणाले, दोन तर दोन, आधी जेव. ती जेवली. पंडित सगळ्यांना सांगत सुटला की मी तेव्हाच म्हटलं होतं. तिला या कशाचंच काही वाटलं नाही. सुटल्यासारखं नाही, बुडाल्यासारखं नाही. पाच वर्षं गेली, तर गेली.

सोमवारी सकाळी ती टेबलाशी बसली आणि त्या दूरच्या मुलीला उत्तर लिहिलं. चार ओळी लिहायला तासभर लागला.

'तुमचा तर्क बरोबर होता. पॅलेडियम मॅग्नेटवर होतं. तुमच्या हातात किंवा कामात काही दोष नव्हता. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल माफी मागते.'

पाठवलं. चिमणी शेजारी फ्लास्क पुसत बडबडत होती, कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी फजिती. अर्ध्या तासात उत्तर आलं.

'कळवल्याबद्दल खरंच आभार. मी मागच्या महिन्यात संशोधन सोडलं. माझ्या सरांनी सांगितलं की हे तुझं काम नव्हे, आणि मलाही ते पटलं होतं. आता बहिणीच्या दुकानात बसते. तुमची हरकत नसेल तर हे पत्र त्यांना दाखवू का? काही बदलणार नाही, पण दाखवावंसं वाटतं.'

मुंगीने तारीख बघितली. मागच्या महिन्यात. म्हणजे तिचं पत्र सरांच्या ड्रॉवरमध्ये पडून असताना, आणि मॅग्नेट पांढराफेक पडलेला असताना. ज्या आठवड्यांत ती स्वतः ती डबी उघडत होती, तो रंग बघत होती, आणि कुणाला काही विचारत नव्हती, त्याच आठवड्यांत.

आधी राग आला. आपल्या सरांचा आला, मग स्वतःचा, आणि तो इतका मोठा होता की तिने टेबलाची कड धरली. 'दाखवा,' तिने टाइप केलं. 'माझं नाव सांगा. माझा फोन नंबर देते, त्यांना मला फोन करायला सांगा. आणि तुम्ही परत...' तिथे अक्षरं दिसेनाशी झाली.

"ताई?" चिमणी म्हणाली. "ताई, काय झालं गं?"

स्वतःच्या पाच वर्षांसाठी जे आलं नव्हतं, ते त्या अनोळखी मुलीच्या नऊ महिन्यांसाठी आलं. ती मोठमोठ्याने, लहान मुलासारखी रडत होती. चिमणीने हातातला फ्लास्क खाली ठेवला, स्टूल जवळ ओढलं आणि एकदाची गप्प बसून राहिली.